दीड मीटरवरून शुभवर्तमान

रॉटरडॅमहून निघताना पुण्याहून आईचा फोन आला. ‘नंतर करते’ म्हणून मी तो कापला. मी चक्क ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या भाषांतराला हातभार लावायला निघाले होते. म्हणजे फोनवरचा आवाज रेकॉर्ड करायला. आयटीवाली म्हणजे वायरमन, असा माझ्या जुन्या शेजारीण मारिकेबाईंचा समज आहे.

गाडीत मास्कची सक्ती. आयंडहोवनहून भाड्याच्या फीट्सवर (सायकलवर) न्यूनेन गाठलं. गाव इतकं शांत, की लॉकडाऊन लागल्याचं लोकांना पेपरातूनच कळलं असावं.

भाषांतर-तपासनीस मारिकेबाईंनी बागेत टेपने मोजून दीड-दीड मीटरवर तीन खुर्च्या मांडल्या होत्या. कॉफीबरोबर एकेक बिस्कीट देऊन त्यांनी डबा बंद केला. पुण्याची असल्याने मला परकं वाटलं नाही.

तिसऱ्या खुर्चीत तादेसे. दोन महिन्यांसाठी आलेला हा इथिओपियाचा भाषांतरकार इथेच अडकला होता. त्याची मातृभाषा ओमोटिक (ओमो नदीच्या आसपासच्या भाषांपैकी एक) आणि तिच्यात हा ग्रंथ नव्हताच.

“आई जन्मभर चर्चमध्ये नुसती बसते,” तो म्हणाला. “तिथली भाषा तिला येत नाही. डोळे मिटायच्या आत एक तरी गोष्ट कळावी तिला.”

तपासायची रीत अशी: गोष्ट वाचून दाखवायची, ऐकणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. चुकली, तर दोष भाषांतराचा, ऐकणाऱ्याचा नाही. आमच्या ऑफिसात हा नियम कधी येणार, देव जाणे.

तादेसेच्या आईला फोन लागला. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा उपाशी, पस्तावून परततो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, ही गोष्ट तादेसेने वाचली. मग आई सांगू लागली, तो आम्हाला इंग्रजीत सांगत गेला. मुलगा दूर गेला. उपाशी राहिला. बाप वाटेकडे बघत उभा राहिला. आई थांबली.

बाईंनी विचारायला लावलं, “मुलगा परत आला का?”

“कसा येईल?” आई म्हणाली. “विमानं बंद आहेत.”

बाईंनी इमानदारीत वहीत लिहिलं: मूळ मजकुरात विमान नाही. उतारा पुन्हा करावा.

तादेसे आधी हसला, मग तोंड झाकून रडायला लागला. मला फार वाईट वाटलं. बाई उठल्या, दीड मीटर विसरून त्याच्याजवळ गेल्या आणि बिस्किटांचा अख्खा डबा त्याच्या मांडीवर ठेवला. शेरा मात्र खोडला नाही.

परतीच्या गाडीत मी आईला फोन लावला.

“कधी येतेस?”

“विमानं बंद आहेत ना गं.”

“हो का? दिवाळीत तर चालू होती.”

दिवाळीत मी स्पेनला गेले होते. मास्कमुळे डब्यातल्या कुणाला माझं तोंड दिसलं नाही, एवढं बरं झालं.