कर्णा, खोकं आणि मी

आमच्या ह्यांना आवाजाचं वेड लागलं ते लष्कराच्या लिलावातली जुनी जीप दारात आली त्या वर्षी. तोवर आम्ही धानोऱ्याला थोरल्या दिरांकडे एकत्र होतो. कापूस, केळी आणि जाऊबाईंची चूल. जीप आली, हे शेतीतून अंग काढून मोकळे झाले आणि मला वेगळी चूल मिळाली. खोटं कशाला सांगू, जीपचं मला काडीचं कौतुक नव्हतं, चुलीचं होतं. भाजीत मीठ किती घालायचं हे कोणाला न विचारता ठरवायचं, एवढ्या सुखासाठी मी जीप काय, रणगाडाही दारात बांधून घेतला असता.

जीप पोसायची तर काम हवं. ते खांडबाऱ्याच्या तंबूतल्या सिनेमाने दिलं. बाजाराच्या दिवशी जीपवर कर्णा बांधायचा आणि खेळाची जाहिरात करत फिरायचं. तंबूचा मालक सरळ माणूस. त्याचं म्हणणं एवढंच, की आज कोणता खेळ आणि किती वाजता हे लोकांना कळलं पाहिजे.

नेमकं तेवढंच होईना. ह्यांचा आवाज मुळात जाड, भजनात शोभणारा. कर्ण्यातून तो बाहेर पडायचा तेव्हा वाटायचं, कोणी रांजणात तोंड घालून बोलतंय. जीप पुढे गेली की बाजारातल्या बायका एकमेकींना विचारायच्या, "काय इकी ऱ्हायना हाऊ?" जाहिरात सिनेमाची, आणि त्यांना वाटे हा काहीतरी विकतोय.

मालकाने दोन बाजार ऐकून घेतलं आणि सांगून टाकलं, होळीच्या बाजारापर्यंत बघतो, नाहीतर माझी जुनी बैलगाडी आणि ढोल बरा. ते काम गेलं असतं तर जीप विकावी लागली असती, आणि आम्ही दोघं पुन्हा जाऊबाईंच्या पंगतीला.

आता शहाणा माणूस काय करेल? जरा सावकाश, सुटं सुटं बोलेल. हे नंदुरबारला गेले आणि आणखी मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले.

त्यात काचेचे चार व्हॉल्व्ह होते. चालू केला की ते तांबूस पेटायचे आणि हे देवापुढे बसावं तसे त्याच्यापुढे बसायचे. आवाज वाढला, हे खरं. पण आधी जे एका गल्लीला कळत नव्हतं ते आता चार गल्ल्यांना कळेना. शिवाय तो डबा बॅटरी अशी प्यायचा, की बाजार संपला की जीप सुरूच व्हायची नाही. खांडबाऱ्याच्या स्टेशनापासून पदर खोचून मी ती ढकललेली आहे, आणि हे स्टिअरिंगवर बसून मला "जोरात, जोरात" म्हणत होते. तिसऱ्या आठवड्यात कर्ण्याचं युनिट जळालं.

मग नंदुरबारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते बदलता बदलता ह्यांच्या डोक्यात नवीन किडा सोडला. कर्ण्याला जाड आवाज झेपत नाही, म्हणून त्याच्या तारेत एक कंडेन्सर टाकायचा, म्हणजे जाड आवाज तिकडे जाणारच नाही. जाड आवाजासाठी लाकडी खोक्यात वेगळा स्पीकर. बारीक आवाज कर्ण्याला, जाड खोक्याला. थोडक्यात वाटणी. भावाभावांत झाली तर आवाजात का नको? बिचारा जाता जाता असंही म्हणाला होता, की खरं तर कर्ण्याला बारीक आवाजाचा माणूसच मानवतो. तेवढं मात्र ह्यांच्या कानात शिरलं नाही.

सुताराकडून सागाचं खोकं करून आणलं. दोघांनी उचलावं लागे एवढं जड. कंडेन्सर तीन आणले, लहान, मधला आणि मोठा, आणि रोज सकाळी खळ्यात प्रयोग सुरू झाले. हे जीपमध्ये बसून "रसिक प्रेक्षकहो" म्हणणार आणि मी लांबच्या बांधावर उन्हात उभी राहणार. ऐकू आलं तर एक हात वर, शब्द कळले तर दोन. पंधरा दिवसांत मी दोन हात एकदाही वर केले नाहीत. लहान कंडेन्सर लावला की हे सर्दी झाल्यासारखे बोलायचे, मोठा लावला की पुन्हा रांजण. खोक्याचा आवाज छान होता, पण विहिरीपर्यंत पोचायच्या आत जिरून जायचा. घरी माझी चूल थंड, ज्या चुलीसाठी हा सगळा जीव काढणं चाललं होतं ती.

एके दिवशी माझं डोकं फिरलं. तरातरा खळ्यात आले, ह्यांच्या हातातून माईक घेतला आणि म्हटलं, "आते तुमी तठे उभा ऱ्हा. मी बोलस." गेले बापडे. मी काय बोलले? डाळ नाही, तेल संपलं, गाय दोहायची राहिली, आणि ह्या घरात कामाला हात लावणारी मी एकटीच. बांधावर ह्यांचे दोन्ही हात वर गेले. धावत आले आणि म्हणाले, "मधला कंडेन्सर बरोबर बसना!"

शब्द कळले ते माझे, आणि बरोबर बसला म्हणे कंडेन्सर. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या बाजारापासून मीच बोलायला लागले. पण धाकटी सून बाजारात बोलते हे थोरल्या दिरांच्या कानावर गेलं तर? म्हणून ह्यांनी जीपच्या मागच्या भागाला ताडपत्री बांधली आणि मला आत कोंबलं. स्वतः पुढे बसून एक निकामी माईक तोंडाशी धरायचे आणि ओठ हलवायचे. कोणी विचारलं, तुमचा आवाज असा बारीक कसा, तर म्हणायचे, वाटणी केली ना, जाड भाग खोक्यात अडकतो, बारीक तेवढा बाहेर पडतो. आणि लोकांना ते पटायचं! आत घामाने निथळत बसलेल्या मला कधी हसू यायचं, पण बहुतेक वेळा संतापच यायचा. तंबू भरायला लागला. शाबासकी अ‍ॅम्प्लिफायरला मिळत होती.

होळीच्या बाजारात जीप मिरचीवाल्यांच्या ओळीपाशी उभी होती. मी नुकतीच बोलायची थांबले होते. मालक जवळ आला आणि मला ताडपत्रीमागून सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, "हाई खोकं नि हाऊ कंडेन्सर माले दी टाका. मी बैलगाडीवर बसाडसू. मन्हा मानूसबी आसाच साफ बोली."

खोकं त्याच्या बैलगाडीवर, बोलायला त्याचा माणूस, म्हणजे जीपची गरजच संपली. आता तरी हे खरं सांगतील म्हणून मी ताडपत्रीला कान लावला. ह्यांचा पडलेला आवाज आला, "बरं. दी टाकसू."

लाजेपायी हा माणूस माझी चूल देऊन मोकळा झाला होता. मी माईक सुरू केला.

"मालक, खोकं ल्या, कर्णा ल्या, आंप्लिफायर ल्या. पन आवाज मन्हा शे. मी बोली ऱ्हायनू, आठे, ताडपत्रीमांगे!"

सगळा बाजार वळला. हे पुढे उभे, निकामी माईक हातात, तोंड बंद, आणि कर्णा बोलत होता. मिरचीवाल्या बाईने तोंडाला पदर लावला. मालकाने ताडपत्रीची कड उचलून आत पाहिलं. तिथे घामाघूम झालेली मी, मांडीशी ते खोकं. त्याने एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ह्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "मंग पुढला बाजारनं बाईलेच ईचारा."

लग्नाला सात वर्षं झाली होती. ह्यांनी जीप मला विचारून घेतली नव्हती, अ‍ॅम्प्लिफायर नाही की खोकं नाही. आता मान खाली घालून जीपच्या मागे आले आणि हळूच म्हणाले, "येशी का?"

मी आधी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लावल्या. चारी बाजूंनी ती निघेपर्यंत थांबले, आणि मग हो म्हटलं.