देवधरकाकांचं संत्रं

देवधरकाकांच्या घरी संत्रं सरळ खायला मिळत नसे. आधी त्याची पृथ्वी व्हायची. काकूंच्या पानाच्या डब्यातली सुपारी म्हणजे चंद्र, टेबलावरचा दिवा म्हणजे सूर्य. सुपारी मध्ये आली की सूर्यग्रहण, संत्रं मध्ये आलं की चंद्रग्रहण. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही, असं कुणी विचारलं की काका खूश. चंद्राची वाट जराशी तिरकी, त्यामुळे सावली बहुतेक वेळा वरून नाहीतर खालून निसटून जाते, हे ते सुपारी वरखाली करून दाखवत. शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "नुसती सावली आहे हो. सावलीनं कुणाचं काय बिघडतं?"

सरकारी नोकरीत बदली होऊन ते कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतरही बागबाजारातच राहिले, कारण एकुलत्या एका लेकीनं, केतकीनं, इथल्याच मुलाशी लग्न केलं होतं. मी बँकेच्या बदलीवर आलो तो त्यांच्या वरच्या मजल्यावर. गल्लीतली मुलं काकांना ग्रहणदादू, म्हणजे ग्रहणवाले आजोबा, म्हणत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

केतकीला सातवा महिना असताना, थंडीतल्या एका सकाळी सूर्यग्रहण आलं. काकूंनी अक्षरशः हात जोडले. आजच्या दिवस तिला आत बसू द्या, काही चिरायला-कापायला लावू नका. काका कसले ऐकतात! ग्रहणाचे चष्मे घेऊन आम्ही सगळे गच्चीवर गेलो. ऐन ग्रहणात काकांनी केतकीच्या हातात संत्रं आणि सुरी दिली. तिनं हसत हसत ते कापलं. मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून मला छळतात.

मुलगी झाली. वरचा ओठ दुभंगलेला होता. काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं. ओठ अगदी सुरुवातीच्या महिन्यांत जुळतात, ग्रहण सातव्यात झालं, दोन्हीचा काडीचा संबंध नाही. हे सगळं त्यांनी केतकीला नीट समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"कळतं मला, बाबा," ती म्हणाली. "पण तुम्ही ते संत्रं माझ्या हातात द्यायला नको होतं."

पुढे शस्त्रक्रिया झाली. ओठावर बारीकशी रेघ तेवढी राहिली. पण त्यानंतर काकांनी कुणाला ग्रहण समजावलेलं मी पाहिलं नाही.

परवा संध्याकाळी चंद्रग्रहण होतं. काकांना गच्चीवर बोलवायला मी खाली गेलो, तर त्यांची नात मिठू संत्रं आणि सुपारी घेऊन त्यांच्यासमोर उभी. गल्लीतल्या मोठ्या मुलांनी तिला ग्रहणदादूंच्या या खेळाबद्दल सांगितलं होतं.

"आजोबा, ग्रहण कसा होते, दाखव ना," ती तिच्या बंगाली वळणाच्या मराठीत म्हणाली.

केतकी दारात उभी होती. ती नको म्हणाली नाही. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं माहीत असून मी खिडकीबाहेर पाहू लागलो. काकांनी मिठूच्या हातातली सुपारी घेऊन पुन्हा डब्यात टाकली.

"आज आपण आतच बसू, बाळा," असं म्हणून ते उठले आणि त्यांनी खिडकीचा पडदा स्वतःच्या हातानं ओढून घेतला.