वेटिंग लिस्ट एकवरची क्षितिजा

नवघरच्या दशरथरावांची क्षितिजा पहिल्यापासून चिखलात रमणारी. तिच्या मैत्रिणी मॉलमध्ये फिरून यायच्या, ही भाईंदरच्या मिठागरातला चिखल डब्यांत भरून आणायची. त्या खारट चिखलात जगणाऱ्या जिवाणूंवर तिने एम.एस्सी. केलं, आणि डब्या ठेवल्या घरच्या फ्रिजमध्ये, लोणच्याशेजारी. एकदा एका पाहुण्याने चिंचेची चटणी समजून त्यातली एक उघडली. पाहुणे नंतर फिरकले नाहीत. दशरथरावांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तर ह्या मुलीने पोर्तुगालच्या संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. तिकडेही समुद्राकाठी मिठागरं आहेत म्हणे.

"अरे, मिठागर से मिठागर में जाने का, तो विमान काय को?" समोरच्या हंसाबेननी विचारलं. पण क्षितिजाला जायचंच होतं. इतकं, की रात्री झोपेतसुद्धा ती पोर्तुगीज भाषेत मीठ मागायची.

निकाल लागला. जागा एकच, आणि क्षितिजा राखीव यादीत पहिली. निवडलेल्या उमेदवाराने जागा सोडली, तरच हिला मिळणार. पोरीने पडलेल्या चेहऱ्याने बाबांना सांगितलं. बाबांनी टाळी वाजवली.

"वेटिंग वन? अगं, मग कन्फर्मच की! गणपतीत वेटिंग चाळीसवरून कणकवली गाठलीय आपण!"

"बाबा, ही रेल्वे नाहीये हो."

पण तोवर दशरथराव चपला घालून जिन्यात पोचले होते. सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथ जिन्यातच भेटले, आणि सकाळी गेटवर फ्लेक्स झळकला: 'पोर्तुगालची शिष्यवृत्ती पटकावल्याबद्दल कु. क्षितिजाचे हार्दिक अभिनंदन!' मधोमध गॉगल लावलेले पंढरीनाथ, आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढी क्षितिजा. वॉचमनसुद्धा तिला सलाम ठोकायला लागला. तळमजल्यावरच्या रसिकाकाकू लोकरीची कानटोपी घेऊन आल्या. "काकू, तिथे ऊन असतं." "असू दे गं, परदेश तो परदेश." क्षितिजाने टोपी घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

रविवारी गेटपाशीच सत्कार. शाल अंगावर आणि नारळ हातात आला, तसा तिचा धीर सुटला. माईक ओढून ती म्हणाली, "मला अजून मिळालेली नाही! पहिल्या नंबरने सोडली तरच मिळणार!"

पंढरीनाथांनी फ्लेक्सवरच्या स्वतःकडे पाहिलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "मग त्याचा पाय मोडू दे म्हणायचं का?"

"छी छी!" हंसाबेन कडाडल्या. "भला मांगो उसका! उसको इससे बड़ा मिलेगा, तो ये छोड़ेगा ने!"

झालं! गुरुवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सत्यनारायण. गुरुजींनी विचारलं, "संकल्प कोणाच्या कल्याणासाठी? नाव? गोत्र?"

"प्रथम क्रमांकाचा उमेदवार," दशरथराव म्हणाले. "गोत्र काय असेल बुवा?"

"ठाऊक नसेल तर कश्यप," म्हणून गुरुजींनी पळी उचलली.

क्षितिजाने हात जोडले. त्याचं भलं होऊ दे, असं म्हणायला गेलं की मनात आपलंच विमान उडायचं. तिने ते तीनदा खाली उतरवलं. शेवटी म्हणाली, देवा, त्याला खरंच मोठं काहीतरी दे, मग माझं काय ते बघ. हे म्हटल्यावर तिला प्रसादाचा शिरा गोड लागला.

पुढच्या आठवड्यात मेल आला. क्षितिजा अशी किंचाळली, की वरच्यांनी कुकरची शिट्टी समजून गॅस बंद केला. पहिल्या उमेदवाराला दुसऱ्या देशात मोठी शिष्यवृत्ती मिळाली होती. हंसाबेन गरबा खेळत जिना उतरल्या, पंढरीनाथ हळूच गॉगल पुसताना दिसले.

आता क्षितिजा पोर्तुगालच्या मिठागरात गुडघाभर चिखलात उभी राहून नमुने गोळा करतेय. तिथे गेल्यावर कळलं, की ते कश्यप गोत्र म्हणजे चिली देशातली व्हालेंतिना नावाची मुलगी. क्षितिजाने तिला सगळी कहाणी लिहून पाठवली. पूजेची, शिऱ्याची, तीनदा उतरवलेल्या विमानाचीही.

उत्तर आलं तेव्हा ती मिठागराच्या बांधावर उभी होती. व्हालेंतिनाने हसण्याची दोन ओळी चिन्हं टाकली होती, आणि खाली विचारलं होतं: माझा भाऊ मेडिकल कॉलेजच्या प्रतीक्षायादीत आहे, तुमचे शेजारी त्याच्यासाठी पुन्हा करतील का?

क्षितिजा इतकी हसली, की बांधावरून घसरली ती थेट खाऱ्या पाण्यात, फोन तेवढा वर धरून. तिथल्या प्रोफेसरबाईंनी हात देऊन वर काढली. निथळत निथळतच तिने घरी फोन लावला.

"बाबा, आणखी एक सत्यनारायण घालायचाय."

दशरथरावांनी पूजा कोणासाठी, तो कुठल्या देशातला, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "वेटिंग किती?"

"चौदा."

"चौदा?" फोनवरून रव्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. "हंसाबेन, मोठी कढई काढा!"