धोतऱ्याचा डबा

लग्न होऊन सोनाळ्यात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवी होते. नवऱ्याला दमा आहे हे कुणी लपवलं नव्हतं. पण दमा उठला की त्याला बायको नव्हे, वहिनी लागते, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी म्हणजे माझी विधवा जाऊ. सासू गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. धाप लागली की ती खापरात निखारा घेई, त्यावर धोतऱ्याची वाळलेली पानं चिमूटभर टाकी, आणि एका हातानं धूर त्याच्या नाकाशी धरून दुसऱ्यानं पाठ चोळी. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकी. मी दारात उभी. माझा नुसता जळफळाट होई.

एकदा खामगावच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूपासून एक नस फुफ्फुसात उतरते. ती चेतली की पिशवीची नाडी ओढावी तशा श्वासनळ्या आवळतात. धोतऱ्याचा धूर त्या नसेचा हुकूम पोचू देत नाही, म्हणून नळ्या सैल होतात. जास्त झाला तर विषच, असंही त्यांनी बजावलं. माझ्या ध्यानात एवढंच राहिलं, की गुण पानांचा आहे, तिच्या हाताचा नाही.

घरी येताच पानांचा डबा मी माझ्या ट्रंकेत टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. आता धाप लागली की त्यानं मलाच हाक मारावी.

आठवड्यानं मी कपाशी वेचून दुपारी परतले, तर तो उंबऱ्यावर ओणवा बसलेला, ओठ निळसर. अंगणात तूर उफणताना धूळ छातीत गेली होती. जाऊ मागं बसून पाठ चोळत होती, हळू सोड म्हणत होती. किल्ली कमरेला घेऊन मी वावरात होते. आत धावले, ट्रंकेचं कुलूप काढलं आणि डबा तिच्या हाती दिला.

धूर मिळाला, हळूहळू श्वास सुटला. डबा कुठं होता, त्यानं विचारलं.

"मीच कुठी तरी ठेवला, मले आठोच ना," जाऊ म्हणाली.

संध्याकाळी चुलीपाशी, माझ्याकडे न बघता ती एवढंच बोलली, "कुलूप नको लावत जाऊ, बाई. मी किती दिवस पुरीन? आज ना उद्या तुलेच द्या लागन त्याले."

डबा मी कोनाड्यात परत ठेवला. माफी काही मागता आली नाही. तोवर तिच्या हातावर जळत होते, त्या दिवसापासून तिच्या मोठ्या मनावरही जळू लागले.