व्हॉल्व्हवरचं तूप

अलंगच्या किनाऱ्यावर, जहाजं फोडतात त्या वाड्यांपैकी एकीत, लवजीभाई डाभींनी बावीस वर्षं ऑक्सिजनचे बाटले, म्हणजे सिलिंडर, सांभाळले. बाटला उभा ठेवा, साखळीने बांधा, गडगडवत नेऊ नका, तेला-तुपाचा हात व्हॉल्व्हला लावू नका. बावीस वर्षं हेच ओरडून सांगितलं. लोक मान डोलवत आणि दुपारी आडव्या बाटल्यावर बसून विडी ओढत.

त्या लाभपाचमीला, दिवाळीनंतर काम सुरू व्हायच्या सकाळी, ते पोचेपर्यंत पूजा उरकली होती. शेठच्या आईने, रळियातबांनी, बारा बाटल्यांवर तुपात कालवलेल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं होतं. व्हॉल्व्हच्या तोंडालाही एकेक बोट.

"बा, व्हॉल्व्हवरच्या टोप्या कुणी काढायला सांगितल्या?"

"देवाची पूजा हेल्मेट घालून करतात का रे?"

"आणि हे तूप?"

"वर्षभर राबतात बिचारे. बोटभर तूप नको?"

लवजीभाईंनी कपाळाला हात लावला. दाबाखालचा ऑक्सिजन तुपाला भेटला की काडी लागत नाही, तूप आपणच पेटतं. आणि गॅसने पोलाद कापणारा कटर रामसकल व्हॉल्व्ह उघडायची चावी घेऊन उभाच होता.

"चाचा, पुसून टाकतो की."

"त्या फडक्याने? सकाळी त्यानेच सायकलची चेन पुसलीस! मागे हो!"

शेठ घड्याळ बघत आले. "लवजीभाई, मुहूर्त टळतोय. एक तरी उघडा."

"तुम्हीच उघडा, शेठ. मी फाटकापाशी उभा राहतो."

शेठनी चावीकडे पाहिलं आणि हात खिशात घातले.

लवजीभाईंनी टोप्या चढवल्या, बाराही बाटल्यांवर खडूने फुल्या मारल्या आणि काय लागलंय ते लिहून ते ऑक्सिजन भरणाऱ्या कारखान्यात परत पाठवले. नवे आले चार वाजता. मुहूर्त हुकला म्हणून रळियातबा वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पुढच्या लाभपाचमीला त्यांनीच हाक मारली. "ये, वास घेऊन बघ. कुंकू पाण्यात कालवलंय. टोप्याही जागेवर आहेत."

लवजीभाईंनी खरंच वास घेतला. मग बांनी दुसऱ्या वाटीत बोट बुडवून त्यांच्या कपाळाला टिळा लावला. "हे तुपातलं. तुझं डोकंही कायम तापलेलंच असतं."

सगळे हसले. लवजीभाईंनी सवयीने कपाळ पुसलं, मग तळहाताकडे पाहिलं आणि शिव्या घालत नळावर साबण शोधायला गेले. रामसकल चावी घेऊन थांबून राहिला.