दादाची अदलाबदल

एका गोलंदाजाच्या बदल्यात दोन फलंदाज घ्यावेत की एक फलंदाज आणि एक यष्टिरक्षक, यावर आमच्याच ओट्यावर, आमचाच चहा पीत, बडोद्यातली शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आली होती. आणि ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो माझा सख्खा भाऊ आत कोमट मिठाच्या पाण्यात बोटं बुडवून बसला होता. आज इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं. आमचे वडील सरकारी पागेत होते. ते लवकर गेले. दादाला एका खात्यात कारकुनी मिळाली ती त्याच्या अक्षरावर नव्हे, त्याच्या चेंडूवर. मॅटिंगवर पडून अचानक आत वळणारा त्याचा चेंडू पाहायला मांडवीपासून माणसं चालत मैदानावर जायची. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. आई, दादा आणि मी, एवढंच आमचं घर.

त्या हिवाळ्यात काठेवाडातल्या एका संस्थानाचा संघ खेळायला आला आणि दादाने त्यांचा पार धुव्वा उडवला. त्यांच्या दरबाराला तो इतका आवडला, की आमच्याकडे क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्या साहेबांना थेट निरोपच आला: हा गोलंदाज आम्हाला द्या, आमचा एक चांगला फलंदाज तुम्ही घ्या. महाराजांच्या कानावर यातलं काही गेलं असेल असं मला वाटत नाही. पण आमच्या पोळीत, म्हणजे आमच्या गल्लीत, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवालासुद्धा त्याबद्दल विचारत होता.

ओट्यावरच्या बैठकीचे मुख्य म्हणजे शेजारचे जमादारकाका. वडिलांबरोबर पागेत नोकरी केलेले, भरघोस मिशांचे. लहानपणी त्यांनीच दादाला खांद्यावर बसवून सामने दाखवले होते.

"एकास एक? ही काय भाजी आहे?" काका गरजले. "दोन फलंदाज हवेत. त्याखाली बोलणं नाही."

समोरचे कापडवाले शेठ मान हलवत म्हणाले, "ना ना, काका. एक फलंदाज अने एक यष्टिरक्षक. आपला यष्टिरक्षक तर चेंडू पाहून डोळे मिटतो."

मग काकांनी आवाज खाली आणला. खाली म्हणजे आत स्वयंपाकघरात नीट ऐकू येईल इतका. "खरं सांगू? खांदा दुखतोय त्याचा. अजून दोन हंगाम निघाले तर निघाले. भाव आहे तोवर देऊन टाकावा."

मी आईकडे पाहिलं. तिने परातीतली कणीक मळायची थांबवली होती. मी बाहेर गेले आणि काकांच्या हातातली अर्धी भरलेली कपबशी काढून घेतली.

"अगं पोरी, चहा आहे त्यात."

"घोडा विकतानासुद्धा पागेत जाऊन त्याच्या पाठीवर हात फिरवतात, काका. माझा भाऊ इथे भिंतीपलीकडे बसलाय. त्याला एका शब्दाने विचारलंत?"

"आम्ही त्याच्या भल्याचंच बोलतोय."

"त्याचं भलं मघाशी भाजीच्या भावात निघालं होतं."

बैठक मोडली. पण माणसांचा उत्साह कसला मोडतो! दोन-चार दिवसांत वारं फिरलं. कुणीतरी म्हणालं, आपला माणूस दुसऱ्याच्या दारी पाठवणं ही बडोद्याची बेअब्रू आहे. झालं. काल दोन मागणारे काका आज छाती काढून सांगू लागले, की दहा दिले तरी आपण देणार नाही. गोलंदाज देऊ नये असा अर्ज सगळे मिळून साहेबांच्या बंगल्यावर देऊन आले आणि संध्याकाळी विजयी वीरांसारखे आमच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. या वेळीही दादाला कुणी विचारलं नव्हतं.

दादा हात पुसत बाहेर आला. तो हळू बोलायचा, त्यामुळे ऐकायला सगळे पुढे झुकले.

"काका, मला जायचंय."

"कुठे?"

"तिकडेच. साहेबांना मी आज सकाळीच होकार कळवलाय."

दादाने शांतपणे सांगितलं. कचेरीत सगळे त्याला 'चेंडूवाले कारकून' म्हणत आणि बढतीच्या वेळी नेमकं तेवढंच लक्षात ठेवत. रोज सकाळी साहेबांच्या पाहुण्यांना हौस म्हणून गोलंदाजी करायची, मग दिवसभर लिहायचं. खांदा दाखवायला डॉक्टर मागितला तर तेल चोळ म्हणाले. तिकडच्या दरबाराने आधी खांद्याचाच विषय काढला होता.

"खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

मला अजूनही कळत नाही, की त्याच माणसांनी त्याला घालवायचं ठरवलं होतं तेव्हा ते मीठ कुठे होतं. त्यांनी द्यायचं म्हटलं तर व्यवहार, आणि त्याने जायचं म्हटलं तर नमकहरामी!

रात्रीचं जेवण झाल्यावर मी दादावरही चिडले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू ओट्यावर जाऊन भांडली असतीस."

"भांडलेच ना मी!"

"म्हणूनच," तो म्हणाला आणि हसला. आई मात्र हसली नाही.

स्टेशनवर निरोप द्यायला पोळीतलं कुणी आलं नाही. एकट्या जमादारकाकू आल्या, फडक्यात दशम्या बांधून. नवऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

काही दिवसांत तिकडचा फलंदाज आला. शेठांच्या दुकानावरची खोली त्याला मिळाली. किडकिडीत, अबोल माणूस. पहिल्याच सामन्यात तो शून्यावर बाद झाला आणि काकांच्या ओट्यावर (बैठक आता तिथे हलली होती) आरडाओरडा सुरू झाला: "हा कसला माल गळ्यात मारला आपल्या!"

आईने त्याच्यासाठी डबा भरला. दादाच्या जागी आलेल्या माणसाला मी जेवण नेऊन द्यायचं, याचा मला संताप आला होता. दार ढकललं तर तो घाईने उभा राहिला. "बेसो, बहेन." आणि लगेच विचारलं, "तुमच्या भावाला खोली कुठे दिली? वेशीजवळची असेल तर तिथे पाणी खारं आहे. त्यांना लिहा, दरबाराच्या विहिरीचं मागवायचं."

मी विचारलं, त्याला इथे यायचं होतं का. तो हसला. संध्याकाळी त्याला सांगितलं होतं आणि सकाळी गाडी होती. लग्न नुकतंच झालेलं. बायको माहेरी ठेवून आला होता. डबा ठेवून मी घरी आले, पण त्या दिवसापासून त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही. माझा सगळा राग पुन्हा ओट्याकडे वळला.

पुढल्या हंगामात दादाचा संघ बडोद्याला आला. मी बायकांच्या जागेत बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसले होते. दादा चेंडू घेऊन धावायला लागला आणि "फितूर! फितूर!" असा गलका उठला. त्याला ज्या मैदानाने डोक्यावर घेतलं होतं, तेच मैदान. समोर तोच किडकिडीत फलंदाज. त्याने दादाला दोन सुंदर चौकार मारले, लोक नाचले. मग दादाचा चेंडू आत वळला आणि त्याची दांडी उडाली. त्यानंतर पडद्यापलीकडून काकांचा ओळखीचा आवाज आला, "परत पाठवा रे याला! आणि आपला आपल्याला आणा!"

मी चिक वर उचलला. बाजूच्या बायकांनी पदर ओढला, तरीही. शाळेतल्या आवाजात मी म्हणाले, "काका! आज दोघेही आमच्याकडे जेवायला आहेत. काय आणायचं, काय पाठवायचं, ते तिथे येऊन त्यांच्या तोंडावर सांगा."

काका वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आजूबाजूचे हसले, ते माझ्यावर की त्यांच्यावर, मला ठाऊक नाही.

संध्याकाळी दोघे शेजारी शेजारी पाटावर बसून जेवले आणि सगळा वेळ त्या वळणाऱ्या चेंडूबद्दल बोलले. काका आले नाहीत. आईने त्यांची वाट पाहून त्यांचं ताट झाकून ठेवलं. मी ठेवलं नसतं.

दादा परत आला नाही. खांदा तिकडच्या डॉक्टरने बराच सुधारला. गोलंदाजी थांबल्यावरही तिथल्या कचेरीत तो मानाने राहिला. फलंदाजाने बायकोला आणलं आणि ती आईच्या हाताखाली पुरणपोळी शिकली. सगळ्यांचं बरंच झालं म्हणायचं. शेजारीपाजारी तसंच म्हणत, आणि वर सांगत की पाहा, सौदा चांगलाच ठरला. तो सौदा शब्द ऐकला की मी उठून आत जात असे.