जळक्या कापडावरची रुखमा

यांचं नाव छगन. नवऱ्याचं नाव घेऊ नये असं मला शिकवलंय, पण लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमची एक खोली आणि वर उघडी गच्ची. हे लूमवर कामाला, मी घरी कटवर्कच्या साड्या कापायची. रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तसली विजेची गरम सळई नक्षीच्या कडेकडेनं फिरवायची. पॉलिस्टर वितळतं, जादा कापड गळून पडतं आणि कड आपोआप बंद होते. चित्रकला वगैरे आमच्याकडे कुणाच्या सात पिढ्यांत नव्हती. यांना लहानपणी पोळ्याला बैलांच्या अंगावर रंगाचे ठसे उठवायचा नाद होता, एवढंच.

प्लेगच्या वर्षी लूम बंद पडले. अर्धी गल्ली खानदेशात पळाली, आम्ही मागे राहिलो. स्वस्थ बसणं यांना माहीतच नाही. एके दिवशी माझ्या हातातली सळई घेऊन हे टाकाऊ तुकड्यावर फिरवत बसले. सळई लांब धरली की कापड आकसतं, टेकवली की तपकिरी कड येते, दाबली की आरपार भोक. तुकडा खिडकीपुढे धरला, तर उजेडात चक्क एक चिमणी दिसत होती. हे त्या चिमणीकडे असे बघत राहिले की मला धास्तीच वाटली.

धास्ती वाटायला कारण होतं. रुखमा, म्हणजे यांची धाकटी बहीण रुक्मिणी, कडोदऱ्याला दिलेली. आदल्याच वर्षी स्टोव्ह भडकून ती गेली. अंगावर पॉलिस्टरची साडी होती, यांनीच भाऊबीजेला दिलेली. ती कातडीला चिकटली ती निघालीच नाही. यांना कुणी बोल लावला नाही, पण हेच स्वतःला सोडत नव्हते. लग्नाचे फोटो सासरी राहिले, आणि त्या घराचं तोंड आम्हाला पुन्हा बघायचं नव्हतं. माझ्या सासूबाई, भागीरथीबाई, आमच्या अहिराणीत रोज एकच म्हणायच्या, "डोया मिटात का माले दवाखानामधलंच तोंड दिसस. मनी पोरनं खरं तोंड कोठे गयं?"

ते खरं तोंड आईला परत दाखवायचं, हे यांच्या मनानं घेतलं. आणि तेही या सळईनं, याच कापडावर. मी म्हटलं, तुमचं डोकं फिरलंय. जवळच पर्वत पाटियाच्या नाक्यावर दुकानात रंग मिळतात, ब्रश मिळतात, जगातले लोक त्यानंच चित्रं काढतात. हे म्हणाले, "ह्याच कपडानी तिले नेलं. ह्याच कपडाकडथून माले ती परत पाहिजे."

पण सासूबाईंना तो जळका वास सोसेना. माझ्या कामाचा थोडासा वास यायचा, तेवढ्यानंही त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसायच्या. हे तर कापडाला मुद्दाम डागायचे. त्यातून जळकं कापड घरात ठेवणं अशुभ. त्यांनी सांगून टाकलं, "ह्या वासमा मनी पोर गयी. हाऊ वास घरमा ऱ्हाई ते मी गावले निंघी जासू." मग वायर ओढून सळई गच्चीवर गेली.

तिथे यांनी काय काय काढलं! शेजारच्या हिलालभाऊचा फेटा, नळावरच्या बाया, तागे लादलेली हातगाडी ओढणारा माणूस. लोक आपापली चित्रं काढून न्यायला यायचे. गल्लीत यांचं नाव झालं. फक्त रुखमा येत नव्हती. या कामात खोडरबर नाही. डोळ्याचं भोक तिळाएवढं वाढलं की चेहरा परका झाला. असे कितीतरी परके चेहरे यांनी चुरगाळून फेकले. लूम पुन्हा सुरू झाले, तरी तिथली पाळी संपली की गच्ची, अर्धी भाकरी खाल्ली की गच्ची. बसले तरी पाय हलत, झोपले तरी बोटं चादरीवर रेघा ओढत. माझे चांगले तुकडे गायब व्हायला लागले. मी सळई पिठाच्या डब्यात लपवली, तर दुसरी विकत आणली. एकदा मी चिडून म्हटलं की तुमच्या बहिणीपायी माझ्या संसाराची चाळणी झालीय. यांनी ऐकलंसुद्धा नाही.

अशी चारेक वर्षं गेली. मग ती आखाजी आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या लोकांत लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. गल्लीभर माहेरवाशिणी आल्या होत्या, दारोदार "पोर उनी, पोर उनी" चाललं होतं. सासूबाई सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. आणि नेमके तेव्हाच हे कापड घेऊन खाली उतरले आणि कुणाला न विचारता खिडकीला टांगून मोकळे झाले. खोलीत जळका वास पसरला. आता म्हातारी बोचकं बांधणार, असं मला वाटलं. मला यांचा भयंकर राग आला.

मग मी कापडाकडे बघितलं. रुखमाच होती. भरलेले गाल, हसू दाबलेले ओठ, थट्टा करायच्या बेतात असलेले डोळे.

सासूबाई नाकाला पदर लावून उठल्या. जवळ जाऊन त्यांनी चित्रातल्या कपाळावर बोट ठेवलं. मग विचारलं, "कपाय कोरं का ठेवं?"

यांनी सांगितलं की तिथे हात धजत नाही. टिकली बिघडली की सगळं गेलं.

सासूबाईंनी मला सळई लावायला सांगितली. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. सळई तापली, तशी सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. नाकावरचा पदर केव्हाच खाली पडला होता. "मधोमध ती कधीच नही लाये," त्या म्हणाल्या आणि भुवयांच्या वर, जराशी डाव्या बाजूला, सळई टेकवली. धुराची बारीक रेघ उठली आणि त्या भोकातून ऊन आत आलं.

हे लहान मुलासारखे रडायला लागले. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले, तसेच मिटून ठेवले, आणि म्हणाल्या, "आते दिसनी. आते उनी मनी पोर माहेरले."